ताईचा ओसीडी आणि आपल्या तोंडचा ओसीडी

दिवाळीच्या आधी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाचीने एक फोटो टाकला. स्वयंपाकघरातल्या फळीवर स्टीलचे डबे उंचीप्रमाणे लावलेले, प्रत्येकावर चिठ्ठी, सगळ्या चिठ्ठ्यांचं तोंड एकाच दिशेला. खाली लिहिलं होतं, 'माझा ओसीडी!' आणि पुढे हसणारा चेहरा. इन्स्टाग्रामच्या स्टोरीवरही तेच होतं. आम्ही सगळ्यांनी अंगठे टाकले. काकूने लिहिलं, 'आमच्याकडेही ये गं एकदा.' माझ्या मोठ्या बहिणीने मात्र काहीच लिहिलं नाही. रात्री साडेदहाला तिचा फोन आला. "एक विचारू? माझंही तुम्हाला असंच वाटायचं का गं? हौस आहे म्हणून?"

ताईला ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर हा मानसिक आजार आहे. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेला, औषधं चालू असलेला. त्या रात्री मी तिला काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. तेव्हा जे नीट सांगता आलं नाही, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही लालबागच्या चाळीत वाढलो. एक खोली, कोपऱ्यात मोरी. पाणी पहाटे यायचं आणि थोड्या वेळात जायचं. तेवढ्यात पिंप, हंडे, कळशा भरून ठेवायच्या आणि दिवसभर पुरवायच्या. अशा घरात १९९० साली, वयाच्या १९व्या वर्षी, ताई हात धुवायला लागली. आधी दोनदा, मग दहादा, मग मोजायचंच सोडलं. आजीला कौतुक वाटलं, पोर सोवळ्याची निघाली म्हणून. आईला राग यायचा, कारण पिंप दुपारीच तळाला जायचं. खरं काय चाललंय ते दोघींनाही कळलं नाही, आणि आम्हा धाकट्यांना तर नाहीच नाही.

ताईच्या डोक्यात काय चालायचं ते तिने खूप वर्षांनी सांगितलं. आपल्या हाताला काहीतरी विषारी लागलंय, ते भाकरीतून धाकट्या भावाच्या पोटात जाणार आणि तो मरणार, असा विचार यायचा. तो विचार खोटा आहे हे तिला कळायचं. कळूनही तो जायचा नाही. हात धुतले की पाच मिनिटं उतार पडायचा, मग पुन्हा शंका: अंगठ्याच्या बेचक्यात साबण लागला होता का? नीट आठवत नाही, म्हणजे लागला नसणार. पुन्हा मोरी.

ओसीडी म्हणजे नेमकं हेच. यात दोन गोष्टी असतात. पहिली ऑब्सेशन: मनात घुसून बसलेला, नकोसा, भीती किंवा किळस आणणारा विचार. दुसरी कंपल्शन: त्या विचाराची धग कमी करण्यासाठी करावीच लागणारी कृती. धुणं, तपासणं, मोजणं, मनातल्या मनात ठरावीक शब्द म्हणणं, पुन्हा पुन्हा विचारणं. मराठीत याला मंत्रचळ म्हणतात. या सगळ्यात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जात असेल, किंवा नोकरी, शिक्षण, घर कोलमडत असेल, तेव्हा डॉक्टर हे निदान करतात. ज्यांना हा आजार असतो त्यांच्यापैकी पुष्कळांचं घर अजिबात टापटीप नसतं. कुणाला देवासमोर उभं राहिलं की घाणेरडे शब्द सुचतात आणि तो रडकुंडीला येतो. कुणा नव्या आईला आपल्या हातून बाळाला इजा होईल असं वाटत राहतं, आणि ती बाळाला जवळच घेत नाही. हे विचार त्या माणसाच्या स्वभावाच्या पार उलट असतात, म्हणूनच ते इतके छळतात.

पुढे ताईचं धुणं थोडं कमी झालं आणि गॅसचं बटण सुरू झालं. ती फोर्टला एका कचेरीत नोकरीला होती. करी रोडच्या फलाटावर पोचायची, आणि गाडी येताना दिसली की वाटायचं, बटण बंद केलं का? बंद नसेल तर अख्खी चाळ पेटेल. जिना चढायचा, चाळीत परत यायचं, बटण बघायचं, पुन्हा स्टेशन. काही दिवस तीन-तीन फेऱ्या. लेटमार्कांनी पगार कापला जायला लागला. आम्ही तिला बरं वाटावं म्हणून म्हणायचो, "अगं बंद आहे, मी बघितलं, शपथ." ही शपथच आजाराला खतपाणी घालत होती, हे आम्हाला १९९७ साली पालिकेच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आई ओक्साबोक्शी रडली.

त्यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. भीती वाटली, कृती केली, भीती उतरली. मेंदू एवढंच शिकतो की कृती केली म्हणून आपण वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी जोरात घंटा वाजवतो. उपचारात हीच साखळी तोडायची असते. ताईला कचऱ्याच्या डब्याच्या झाकणाला हात लावायला सांगायचे आणि मग हात न धुता बसायचं. आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग तास. भीती वर चढते, टिपेला पोचते आणि काहीही न करता आपोआप ओसरते, हे शरीराला प्रत्यक्ष अनुभवायला लावायचं. या पद्धतीला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन म्हणतात. जोडीला गोळ्या असतात. नैराश्यावर ज्या गोळ्या देतात त्यातल्याच काही, पण इथे मात्रा बहुतेक वेळा जास्त लागते आणि गुण यायला दोन-तीन महिने जातात. झाकणाला हात लावून गप्प बसलेल्या ताईच्या कपाळावरचा घाम मी पाहिला आहे. फळीवर डबे लावताना भाचीला जो आनंद झाला, त्याच्याशी या घामाचं काहीही नातं नाही.

आता यात बिघडलं कुठे? भाचीने कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. पण ताईचा एक प्रसंग सांगते. उपचार सुरू झाल्यावर, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, तिने धीर करून कचेरीतल्या वरिष्ठ बाईंना सांगितलं, की मला ओसीडी आहे, काही दिवस यायला उशीर होईल. त्या हसून म्हणाल्या, "अगं, मलाही आहे! माझं टेबल बघ ना." संभाषण तिथेच संपलं. ताईने त्या नोकरीत पुन्हा कधी हा शब्द उच्चारला नाही. बाई दुष्ट नव्हत्या. त्यांना खरंच वाटलं की आपण तिला धीर देतोय. पण ज्या एका शब्दाने ताईला सवलत, समजूत, थोडा वेळ मिळू शकला असता, तो शब्द तिच्या हातात येण्याआधीच खुळखुळा झाला होता. तेव्हा हे इंग्रजी बोलणाऱ्या कचेऱ्यांपुरतं होतं. आता मोबाइलमुळे ते घराघरांत आलं आहे.

डिप्रेशनचं तर आणखी वाईट झालं. परळला गाडी चुकली, डिप्रेशन. मालिका संपली, डिप्रेशन. सोमवार आला, डिप्रेशन. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी जी पुस्तिका वापरतात, तिच्यात या आजाराची नऊ लक्षणं दिली आहेत. त्यांतली किमान पाच, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, निदान दोन आठवडे असावी लागतात, आणि त्यांत उदासी किंवा कशातच गोडी न वाटणं यांपैकी एक असलंच पाहिजे. बाकीची लक्षणं म्हणजे झोप आणि भूक बिघडणं, अंगात त्राण नसणं, हालचाली मंदावणं किंवा जिवाची तगमग होणं, लक्ष न लागणं, आपण टाकाऊ आहोत असं वाटणं, मरणाचे विचार. यांत रडू येणं हे वेगळं लक्षण म्हणून दिलेलंच नाही. पुष्कळांना रडूसुद्धा येत नाही, आत नुसता दगड असतो. आंघोळीला उठणं हे ज्याला डोंगराएवढं वाटतं, त्याला घरचे म्हणतात, 'आम्हालाही डिप्रेशन येतं, आम्ही नाही का कामाला जात?' इथे शब्द एकच, पण बोलणारे दोघे दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात, आणि त्यात आजारी माणूस आळशी ठरतो.

मला याचं फार वाईट वाटतं, कारण रोजच्या दुःखासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. हिरमोड होतो, उबग येतो, वीट येतो, हुरहूर लागते, रुखरुख राहते, चुटपुट लागते, घोर लागतो, धास्ती बसते, जीव रमत नाही, मन खट्टू होतं. गाडी चुकल्यावर जे होतं ती चुटपुट. मालिका संपल्यावर जे वाटतं ती हुरहूर. मुलाच्या निकालाआधी आईला लागतो तो घोर. या प्रत्येकात दुःखाची जात, त्याचं वजन, ते किती टिकेल याचा अंदाजसुद्धा आहे. आमच्या आजीला या सगळ्या छटा बोलता येत होत्या. आपण त्या सगळ्या एका डिप्रेशनमध्ये ओतल्या, आणि मग खरं डिप्रेशन आलं तर त्याला काय म्हणायचं हा प्रश्न उरला.

आणखी एक गोष्ट मराठीनेच जपली होती. आपण म्हणतो, मला ताप आहे, त्याला मलेरिया झालाय, काकांना साखर आहे. आजार माणसाकडे येतो, राहतो, कधी जातो. 'मी मलेरिया आहे' असं कुणी म्हणत नाही. पण रीलमधल्या भाषेत 'मी खूप ओसीडी आहे', 'तो बायपोलर आहे', 'ती स्किझो आहे' असं सर्रास ऐकू येतं. माणूसच आजार होऊन जातो. 'वेडा' हा शब्द आपल्याकडे आधीपासून तसाच वापरला गेला, आणि त्याने किती घरं लपूनछपून जगली हे सांगायला नको. नव्या शब्दांनाही आपण तीच खोड लावतो आहोत.

बायपोलर हा शब्द मुंबईच्या पावसालाही लागलेला मी ऐकला आहे, सकाळी ऊन आणि दुपारी मुसळधार म्हणून. बायपोलरमधले चढउतार तासातासाला बदलत नाहीत. उन्मादाची, म्हणजे मेनियाची अवस्था निदान आठवडाभर टिकते. माणूस दोन-तीन तास झोपतो आणि तरीही ताजातवाना असतो, अखंड बोलतो, साठवलेले पैसे उधळतो, आपल्याला विशेष शक्ती मिळाली आहे असं मानतो. दुसऱ्या टोकाला आठवडे नाही तर महिने खोल उदासी असते. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी लिथियमचा उपयोग दाखवून दिला, आणि आजही लिथियम हे या आजारावरचं महत्त्वाचं औषध आहे. मधूनमधून रक्त तपासत ते वर्षानुवर्षं घेऊन संसार, नोकरी नीट सांभाळणारी माणसं तुमच्या लोकलच्या डब्यात, तुमच्या सोसायटीत आहेत. ती तुम्हाला सांगत नाहीत, इतकंच.

स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत घोळ नावातच आहे. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ग्रीक शब्दांवरून हे नाव दिलं: फाटणं आणि मन. त्यांना म्हणायचं होतं की विचार, भावना आणि वागणं यांचे एकमेकांशी असलेले धागे सुटतात. लोकांनी अर्थ घेतला, एका माणसात दोन माणसं. आपलं मराठी नाव छिन्नमनस्कता, त्यातही तोच फाटकेपणा. दोन व्यक्तिमत्त्वं असणं हा अगदी वेगळा आणि विरळा विकार आहे. स्किझोफ्रेनियात माणसाला कुणी नसताना आवाज ऐकू येतात, कुणीतरी आपल्या मागावर आहे अशी पक्की खात्री होते, बोलण्याचा धागा सुटतो. आणि जे बाहेरच्यांना दिसत नाही पण घरच्यांना सगळ्यात जास्त खुपतं ते असं, की तो हळूहळू बोलेनासा होतो, उठेनासा होतो, चेहऱ्यावर भाव उमटेनासे होतात. जपानमध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांनी आग्रह धरला, आणि २००२ साली तिथल्या तज्ज्ञांनी या आजाराचं 'मन फाटण्याचा रोग' अशा अर्थाचं जुनं नाव बदलून नवं नाव दिलं. एका नावाने माणसाचं किती नुकसान होतं हे ओळखून अख्ख्या देशाने शब्द बदलला. आपण मात्र एखादा पुढारी आज एक आणि उद्या दुसरं बोलला की त्याला स्किझोफ्रेनिक म्हणून मोकळे होतो. त्याला दुटप्पी म्हणा. मराठीत तो शब्द त्यासाठीच आहे.

'ट्रॉमा', म्हणजे मनावरचा खोल आघात, आणि 'ट्रिगर' हे शब्द मुंबईत वापरताना तरी आपण थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत काही मिनिटांच्या अंतराने सात स्फोट झाले. दुसऱ्या दिवशी गाड्या भरून धावल्या आणि सगळ्यांनी या शहराच्या जिद्दीचं कौतुक केलं. त्या कौतुकात, पुन्हा गाडीत पाऊल टाकू न शकलेल्यांना जागा नव्हती. पीटीएसडी, म्हणजे पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, या आघातानंतरच्या आजाराला अमेरिकी निदानपुस्तिकेत स्थान मिळालं ते १९८० साली, व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवांनंतर. त्यात मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार यांच्याशी खरोखर गाठ पडलेली असते. ती आठवण भूतकाळात जाऊन बसत नाही. एखादा वास, टायर फुटल्याचा आवाज, आणि माणूस पुन्हा त्याच क्षणात उभा राहतो. दरदरून घाम, छातीत धडधड. त्या वासाला, त्या आवाजाला ट्रिगर म्हणतात. झोपेत तेच, जागेपणी सतत दचकणं, तो रस्ता टाळणं, त्या विषयावर बोलणं टाळणं, आणि हे सगळं महिन्याहून जास्त काळ. भयंकर प्रसंगातून गेलेल्या बहुतेकांना पीटीएसडी होत नाही, काही काळाने ते सावरतात. ज्यांना होतो त्यांच्यासाठी हा शब्द राखून ठेवायला हवा. डब्यात कारल्याची भाजी निघाली म्हणून कुणी ट्रिगर होत नाही.

एक वेगळाच प्रकार नात्यांमधल्या शब्दांचा. गॅसलाइटिंग हे काही आजाराचं नाव नाही. १९३८च्या एका ब्रिटिश नाटकावरून हा शब्द आला. त्यात घरातले गॅसचे दिवे मंद होतात, बायकोला ते दिसतं, आणि नवरा तिला पटवत राहतो की हे तुझे मनाचे खेळ आहेत. समोरच्याने स्वतःच्या डोळ्यांवर, कानांवर विश्वास ठेवू नये म्हणून दीर्घकाळ, ठरवून केलेला छळ, असा त्याचा अर्थ. हा छळ खरा असतो, आणि तो भोगणाऱ्या बायकांना या शब्दाने मोठा आधार दिला आहे. पण सासूबाई म्हणाल्या, "मी असं बोललेच नाही," तर त्या कदाचित विसरल्या असतील. आठवणीत फरक पडणं म्हणजे गॅसलाइटिंग नाही. तीच गोष्ट नार्सिसिस्टची, म्हणजे स्वतःच्याच मोठेपणात बुडालेल्या माणसाची. स्वतःपुरतं बघणारा नवरा, फोटोंची हौस असलेली मैत्रीण यांना हा शिक्का आता सहज बसतो. या व्यक्तिमत्त्व विकाराच्या निदानासाठी मात्र नऊपैकी किमान पाच लक्षणं लागतात, आणि ती तरुणपणापासून, घरी, दारी, कामावर, सगळीकडे दिसावी लागतात. हे शब्द भांडणात हत्यारासारखे वापरले जातात, कारण ते काढले की समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही. तू स्वार्थी वागलास, असं म्हटलं तर तो उत्तर देऊ शकतो. तू नार्सिसिस्ट आहेस, म्हटलं की खटला निकाली.

हे सगळं एवढं का वाढलं? ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ निक हॅस्लम यांनी २०१६ मध्ये एक निरीक्षण मांडलं: त्रास, इजा, आजार यांबद्दलच्या संकल्पना गेल्या काही दशकांत पसरत चालल्या आहेत. आडव्या पसरतात, म्हणजे नव्या प्रकारच्या गोष्टी त्यांच्यात येतात. खालीही उतरतात, म्हणजे सौम्य गोष्टींनाही तेच नाव मिळतं. ते याला पूर्ण वाईट म्हणत नाहीत, आणि मीही म्हणणार नाही. पूर्वी घरातला मार हा संस्कार मानला जायचा, आज तो हिंसा मानला जातो, हे चांगलंच झालं. २०२३ मध्ये लूसी फोक्स आणि जॅक अँड्र्यूज या मानसशास्त्राच्या संशोधकांनी पुढचा तर्क मांडला. मानसिक आरोग्याबद्दल सतत बोललं गेलं की काही जणांना मदत मिळते, पण काही जण साध्या त्रासाकडेही आजार म्हणून पाहायला लागतात. तसं पाहिलं की वागणंही बदलतं. मला अँग्झायटी, म्हणजे चिंतेचा विकार आहे असं मानलेली मुलगी तोंडी परीक्षा टाळते, टाळल्याने भीती वाढते, आणि नाव खरं ठरत जातं. हा तर्क अजून सिद्ध झालेला नाही, पण ताईच्या बटणाच्या फेऱ्या पाहिलेल्या मला टाळण्याने भीती वाढते हे निराळं पटवून द्यावं लागत नाही.

मग रील्स आहेतच. टिकटॉकवर भारतात जून २०२० मध्ये बंदी आली, पण तोच साचा इतर अ‍ॅपांवर आला. कॅनडातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये टिकटॉकवरचे एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, याबद्दलचे १०० सर्वांत लोकप्रिय व्हिडिओ तपासले, त्यांतले ५२ दिशाभूल करणारे निघाले. चावी विसरता? चहा गार होतो? एकाच वेळी दहा टॅब उघडे असतात? मग तुम्हाला एडीएचडी आहे! हे वर्णन कोणाला लागू पडणार नाही? एडीएचडीची लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात आणि ती एकाहून जास्त ठिकाणी, म्हणजे शाळेतही आणि घरीही, त्रास देत असावी लागतात. सव्वा मिनिटात बालपण तपासता येत नाही. एक रील थांबून पाहिलं की अ‍ॅप तशीच आणखी वीस दाखवतं, आणि वीस वेळा ऐकलेलं खरं वाटायला लागतं.

पण याच पडद्यावर एखाद्या तिशीतल्या बाईने पहिल्यांदा आपलं वर्णन ऐकलं, तपासून घेतलं आणि आयुष्यभर स्वतःला धांदरट म्हणवून घेतलेल्या त्या बाईला खरं कारण सापडलं, असंही घडतं. ताईला १९९० मध्ये असं एखादं रील दिसलं असतं तर तिची सात वर्षं वाचली असती. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय पाहणी केली. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता. प्रौढांपैकी १०.६ टक्क्यांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविनाच होते. म्हणजे एकीकडे शब्द उतू जातायत आणि दुसरीकडे ज्यांना औषध हवं त्यांतले बहुतेक दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. मला बोलणं बंद व्हायला नको आहे, ते नेमकं व्हायला हवं आहे.

आपल्याकडे कुणी जरा निराळं वागलं की 'याला ठाण्याला पाठवा' म्हणायची सवय शंभर वर्षांची आहे, ठाण्याच्या मनोरुग्णालयाएवढीच जुनी. मीही लहानपणी म्हटलं आहे, ताईलाच. आता कायदा काय सांगतो ते पाहा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार मानसिक आजार आहे की नाही हे मान्य वैद्यकीय निकषांवरच ठरवायचं, आणि उपचार किंवा या वा इतर कायद्यांतल्या बाबी सोडून कोणीही कोणाला मानसिक आजारी ठरवायचं नाही. समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक कल्पनांशी जुळत नाही एवढ्यावरून तर नाहीच. भाऊबंदकीत एखाद्या बाईला वेडी ठरवून घराबाहेर काढणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे.

स्वतःबद्दल शंका असेल तर रीलवरून निदान करू नका, आणि रील पाहून सुचलं म्हणून लाजूही नका. ती शंका घेऊन माणसाकडे जा. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर पुढे शिकलेले डॉक्टर असतात. निदान आणि औषधं त्यांचं काम. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात, थेरपी करतात. समुपदेशक अडचणीतून वाट काढायला मदत करतात. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून जाता येतं. रांग असते, पण ताईचा जीव अशाच एका रांगेने वाचवला. घरातून निघणं शक्य नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली, क्रमांक १४४१६, फोन फुकट आणि मराठीत बोलता येतं. जाताना आजाराचं नाव घेऊन जाण्याची गरज नाही. झोप किती लागते, कधीपासून, कामात काय अडतं, एवढं साध्या शब्दांत सांगितलं की पुरे. 'मला ओसीडी आहे' यापेक्षा 'मी करी रोडहून तीनदा परत येते' हे वाक्य डॉक्टरांच्या जास्त कामाचं होतं.

भाऊबीजेला सगळे भावाकडे जमलो. भाचीला मी आधी काही बोलले नव्हते, ताईनेच तिला स्वयंपाकघरात गाठलं. मी दारात होते. ताईने तिला मोरीबद्दल, पिंपाबद्दल, करी रोडबद्दल सांगितलं. तिच्या बाबाच्या भाकरीबद्दलही सांगितलं. पोरगी पांढरी पडली. "आत्या, मला खरंच माहीत नव्हतं. मी काढून टाकते तो फोटो."

"काढू नकोस, फोटो छान आहे," ताई म्हणाली. "फक्त खालचं बदल."

"मग काय लिहू?"

ताईने फळीकडे पाहिलं, एक डबा उचलून वास घेतला. "लिही की, दिवाळीची साफसफाई केली, डबे ओळीत लावले. आणि हा गोडा मसाला कुणी केलाय, तेही लिही."